अर्ध्यावरचा खांब

“खांब खाली घ्या!” राजेश्री ओरडली.

दोर कुणी ढिला केला नाही. सगळ्यांनी तिच्या सासूकडं बघितलं.

सासू म्हणजे भिवराबाई. राणीसावरगावच्या वरच्या अंगाला माळावर ही वस्ती. यात्रेत देवाची काठी उभारायचा मान भिवराबाईच्या घराचा. तिनं नारळ फोडल्याशिवाय दोराला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आज काठी नव्हती, पवनचक्कीचा लोखंडी खांब होता. देवळाच्या छपरावर सोलरच्या पाट्या बसल्या होत्या, पण आभाळ झाकोळलं की वस्ती अंधारात. म्हणून ही चक्की. खांब नवा, पण माणसं तीच, दोर तोच, हलगी तीच. नारळही तिनंच फोडलेला.

खांब अर्ध्यावर आला होता. खाली भिवराबाईचा लेक महारुद्र आणि दोघं जण बांबूच्या कैच्या लावून तो तोलून धरत होते. वारा फिरला होता. खांबाला चारी बाजूंनी बांधलेल्या तारा कण्हत होत्या.

“उभारायला घेतलेली काठी मधूनच खाली आणत न्हाईत,” भिवराबाई म्हणाली. “गावावर अरिष्ट येतं. चार दिवस परभणीला चक्कीचं ट्रेनिंग करून आली तर सुनेला शिंगं फुटली!”

माणसं हसली. हलगी कडाडली. दोराच्या पुढच्या टोकाला ग्यानबा होता, वस्तीतला भगत. त्यानं टाच रोवून जोर लावला.

“आत्याबाई, ही काठी न्हाई हो! तो खुंटा बघा. वर यायलाय!” राजेश्री म्हणाली.

भिवराबाईनं बघितलं. तीन तारांचे खुंटे मुरमात घट्ट होते. चौथा शेताच्या कडेला, काळ्या मातीत ठोकलेला. माती अजून ओली होती. तार ताणली की खुंट्याभोवती भेग पडत होती, आणि हललेली दाढ निघावी तसा तो वर सरकत होता. काळ्या मातीचा भरवसा कसला, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. खुंटा निघाला की खांब आडवा येणार. खाली महारुद्र.

“घ्या खाली,” ती म्हणाली.

“तुमीच म्हणल्या न्हाई का वैनी, अरिष्ट येतं!” ग्यानबानं दात काढले. “ओढा रं!”

“खाली घ्या!” भिवराबाई ओरडली. हलगी तिच्या आवाजावर चढली. गावाला तिचा शब्द एकदाच ऐकायची सवय होती, आणि तो ऐकून झाला होता.

भिवराबाई वळली. बांधाला सगळ्यांच्या वहाणा काढून ठेवल्या होत्या. त्यातली आपली एक तिनं उचलली. पदर खोचला, सरळ खांबाखाली गेली आणि सगळ्या वस्तीदेखत ती वहाण खांबावर हाणली. एकदा. पुन्हा एकदा.

हलगी बंद पडली.

“बाटवली मी काठी,” ती म्हणाली. “आता तरी आणा खाली.”

खांब खाली आला. हळूहळू, मढं उतरवावं तसा. महारुद्र कैची टाकून बाहेर आला, घाम पुसला आणि आईच्या अंगावरून तसाच पुढं गेला. राजेश्रीनं एका हातानं खुंटा उपसून दाखवला, पण तोवर माणसं पाठ फिरवून चालू लागली होती. खांब पडलाच नाही. मग पडला असता, हे पटवायचं कुणाला?

दिवस कलला तशी ग्यानबाची नात, सृष्टी, तापानं फणफणली. दिवेलागणीला भिवराबाईच्या दारात माणसं गोळा झाली. ती चुलीपुढून उठून उंबऱ्यात आली. सगळ्यांच्या पुढं तिचा महारुद्र होता. तो खाली बघत होता.

“आई,” तो म्हणाला, “खुंटा पक्का होता म्हणत्यात.”