मागल्या दाराची कडी

ज्युडिथबाई सकाळी मागल्या दाराशी आल्या आणि जागीच थांबल्या. दाराला आतून कडी होती.

कडी कुणी लावली ते विचारायला नको होतं. मुलगा सॅमसन त्यांना न्यायला इस्राएलहून आला होता, सोमवारी मायलेक रोहा सोडणार होते. तिकडं माणूस झोपण्याआधी घरातली सगळी दारं लावतो आणि लागली का ते ओढून बघतो. रात्री त्यानंही तेच केलं. बिचाऱ्याचं तसं काही चुकलं नव्हतं. पण आज शनिवार होता.

शनिवारी, शब्बाथच्या म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, या घरात विस्तव पेटवायचा नाही. दुसऱ्याला 'पेटव' म्हणायचंही नाही, म्हटलं की ते आपणच पेटवल्यासारखं. म्हणून ज्यू नसलेली शेजारची मालू दर शनिवारी आंघोळ उरकून मागल्या दारानं आत यायची. "माज्याकडची साखर सपली गो बाय, जरा चा टाकते," म्हणायची, गॅस पेटवायची आणि स्वतःपुरता चहा करायची. तो नेहमीच कपभर जास्त व्हायचा. आता रोह्यात काय साखरेचा दुष्काळ आहे? पण मालूची साखर नेमकी शनिवारीच संपायची. केस पिकेपर्यंत दोघींनी हे सोंग वठवलं, आणि त्याबद्दल एक अक्षर कधी बोलल्या नाहीत.

बाईंनी कडी काढली. पायरीवर ओल्या पावलांचे ठसे होते, आलेले आणि परत गेलेले. अंगणापलीकडे मालू आपल्या पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसली होती, इकडे पाठ करून. उजेड इकडून येत असताना पाठ करून कोण वाल सोलतं?

सॅमसन डोळे चोळत मागे आला. काय झालं ते कळल्यावर त्याला हसूच आलं. मालूमावशीला हाक मार, एवढंच ना, असं तो म्हणाला. हाक मारायची नसते, असं बाईंनी सांगितलं. मग मीच जाऊन सांगतो की कडी मी लावली, असं म्हणून तो चप्पल शोधायला लागला.

"आन पुढं काय सांगशील?" बाईंनी विचारलं. "चल, गॅस पेटव म्हणून?"

त्यानं चप्पल शोधायचं सोडलं. तिकडं अश्दोदला तो शनिवारी गाडी काढून पोरांना समुद्रावर नेतो, हे त्यानं आईला अजून सांगितलेलं नव्हतं. देवाच्या देशात शब्बाथ कसा कडक पाळत असतील, असं ती येईल त्याला कौतुकानं सांगायची. कुठल्या तोंडानं सांगणार?

बाई पायरीवर बसल्या. खाकरल्या. कोंबडी दाराशी घुटमळत होती, तिलाच मोठ्यानं म्हणाल्या, "ये गो, दार उघडंच हाय." मालूचा वाल सोलणारा हात थांबला. बाईंचा जीव कानात आला. मग हात पुन्हा चालू झाला. बाईंना रडू यायला लागलं, आणि लेकाचा असा राग आला की तो लहान असता तर पाठीत धपाटाच घातला असता. आयुष्यभर जपलेलं माणूस, आणि ते आता एका कडीपायी तुटणार. परवा निघायचं, म्हणजे समजूत घालायला पुढचा शनिवारही नाही.

आत भप्प करून आवाज झाला. आई उपाशी बसलेली त्या पोराला बघवेना, त्यानं गॅस पेटवला होता. बाई ताडकन उठल्या. 'पेटवू नको' म्हणायची वेळ गेली होती, आणि 'विझव' म्हणायची सोय नव्हती. विझवणं हेही कामच.

आवाज मालूनंही ऐकला. सूप बाजूला ठेवून ती उठली, पदराला हात पुसत अंगण ओलांडून पायरीखाली आली आणि उघड्या दारातून आत बघितलं. सॅमसन गॅसपाशी उभा होता.

"पेटला व्हय गॅस?" ती म्हणाली. "बरं झालं."

आवाजात राग असता तर बाईंनी भांडून घेतलं असतं. तसा तो नव्हताच. मालू वळली आणि परत जायला लागली.

सॅमसननं घाईघाईनं चहा उकळून गाळला आणि कप आईपुढे धरला. बाईंनी हात पुढे केला नाही. चहावर साय धरायला लागली तरी तो कप धरून उभाच. शेवटी तो वैतागला. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं म्हणाला. मग शांतपणे, समजावल्यासारखं बोलला.

"आई, पुढच्या शनिवारी तू तिकडं असशील. तिथं सगळी आपलीच माणसं. असं कुणाची वाट बघत बसायला लागत नाही."

ज्युडिथबाई त्याच्याकडे वळल्या. देशांतरातलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं, पण हे चांगलंच कळलं.

"सगळीच आपली," त्या म्हणाल्या. "मंग शनिवारी माज्याकडं येनार कोन?"

सॅमसननं कप ओट्यावर ठेवला.

मालू घरी गेलीच नव्हती, अंगणाच्या मधोमध थांबली होती. तिनं मागे वळून बघितलं नाही.

"आन मी जाऊ कुटं?" ती म्हणाली.