चौथा आवाज

पक्षाघाताने शामकांत मास्तरांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा त्यांच्या लेकीने, रुचाने, माळ्यावरचा त्यांचा चाळीस वर्षं जुना होम कॉम्प्युटर खाली काढला. त्यात आवाजावर चालणारं सॉफ्टवेअर बसवलं, की बाबा पुन्हा त्यात रमतील असं तिला वाटलं.

"बाबा, प्रत्येक शब्द तीनदा म्हणा. मग तो तुमचा आवाज ओळखेल."

मास्तर माईकपाशी वाकले. "चल. चल. चल."

पडद्यावर अक्षरं उमटली, 'नमुने: चार'.

रुचाने पंखा बंद केला, खिडकी लावली, सगळं पुसून पुन्हा घेतलं. तरी चारच.

मग तिने ते नमुने ऐकायला लावले. खरखरत बाबांचा आवाज तीनदा आला. चौथा बाईचा होता. आई तर दोन दिवस अकोल्याला मावशीकडे गेलेली, आणि हा आवाज तिचा नव्हताच.

"चल," तो लाडाने म्हणाला.

रुचाने माईकची वायर उपटली. आकडा पाच झाला.

"बाबा, कोण आहे ही?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पडद्याकडे बघून ओळखीचं हसले.

"आलो गं," म्हणाले, आणि पायाने चपला चाचपू लागले.