परग्रहवासीयाला पाणी

"तहानलेल्याला असं कुणी हाकलतं का? मला नाही जमायचं," इनामदार तिसऱ्यांदा कुरकुरले. सिनेमात ते परग्रहवासीयांचा तिटकारा करणाऱ्या अंतराळतळ-प्रमुखाची भूमिका करत होते. समोर परग्रहवासीयाचा हिरवा रबरी पोशाख चढवून एक नवा नट सकाळपासून घामाघूम उभा होता.

"मग हाकलू नका," दिग्दर्शिका वैतागली. "पाणी द्या, पण त्याची किळस येतेय हे दिसू दे. कसं, ते तुमचं तुम्ही बघा." मग ती नटाकडे वळली. "तू फक्त पेला पुढे कर."

कॅमेरा सुरू झाला. इनामदारांनी बाटली उचलली, एक पाऊल मागे सरून हात उंच धरला आणि शिंतोडाही अंगावर येणार नाही अशा बेतानं वरून धार सोडली. गावी मागच्या दारी त्यांचे वडील गड्याला अगदी अस्संच पाणी घालायचे.

टाळ्या पडल्या. "कसं सुचलं हो हे?" दिग्दर्शिकेनं विचारलं. इनामदारांची मान वर होईना.

पेला टेबलावर कोरडाच राहिला होता. बाटली वर जाताच तो नट मुकाट्यानं वाकला होता आणि कुणीही न सांगता त्यानं हिरव्या रबरी हातांची ओंजळ पुढे केली होती.