सहाव्या ओळीखाली

रविकुमारनं कॉम्प्युटरवरची विंडो तिसऱ्यांदा बंद करून उघडली. वरच्या सहा ओळी आल्या. खाली नुसतं पांढरं.

“कामून दिसंना?” उद्धवराव त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. “मागच्या बाजारी म्हणलास, ड्रायव्हर बदलतो. त्याच्या आधी म्हणलास, रंग कमी करून बघतो. नुसतं बघायलास की काही करायलास?”

“करायलोय अप्पा.”

कर्नाटकातल्या आळंदच्या बसस्टँडसमोरचं हे टायपिंग सेंटर धनराजचं. धनराज म्हणजे उद्धवराव आणि गीताबाईंचा एकुलता एक मुलगा. गावात बाकी सगळीकडं कन्नड टायपिंग. मराठी मिळायचं ते ह्याच एका कॉम्प्युटरवर, म्हणून लग्नपत्रिकांच्या दिवसांत उमरग्याकडची माणसंही इथं रांग लावायची. ऑगस्टमध्ये धनराज ‘पुण्याला चाललो’ असं शेजारच्या शिवशंकरप्पाला सांगून गेला, तो गेलाच. सहा महिने ना फोन, ना पत्र. शेवटी उद्धवरावांनी कॉम्प्युटर विकायला काढला, आणि तो तपासताना रविकुमारला त्यात ‘आई-अप्पा’ नावाची फाइल सापडली.

दिसणाऱ्या सहा ओळींत नमस्कार होता, अप्पांच्या गोळ्यांची आठवण होती, आणि सहावी ओळ अशी होती: पुण्याला जातो असं सांगितलंय, पण खरं कुठं जातोय ते खाली लिहितो.

आणि नेमकं खालचंच दिसत नव्हतं.

सुरुवातीला तर विंडो जागची हलवली की मागं तिचे तुकडे राहायचे, खाली सरकलं की ओळी एकमेकींवर चढायच्या. मग तेही थांबलं आणि हा पांढरेपणा आला. फाइल फ्लॉपीवर घेऊन दुसरीकडं नेली तर मराठी अक्षरांच्या जागी चौकटी येतात, फॉन्ट फक्त इथंच आहे, असं रविकुमार सांगायचा. प्रिंटर तर धनराजनं जाण्याआधीच विकून टाकला होता. रविकुमारनं गुलबर्ग्याला सहा महिन्यांचा कोर्स केला होता आणि आळंदमध्ये त्याच्याइतकं जाणणारा दुसरा कुणी नव्हता. दुसरा असता तर बरं झालं असतं, असं उद्धवराव त्याला तोंडावर ऐकवायचे.

उद्धवरावांची शाळा कन्नड. घरात मराठी बोलत जन्म गेला, पण वाचायला येत नव्हतं. गीताबाईंचं माहेर उमरगा तालुक्यातलं, त्या मराठी सातवी झालेल्या. पोराचं पत्र परक्यानं वाचू नये म्हणून दर बाजारच्या दिवशी दोघंही यायचे. त्या वाचणार आणि हे ऐकणार. आजचा नववा बाजार होता. खरं सांगायचं तर आशा कुणालाच उरली नव्हती, पण न येणं त्याहून वाईट वाटायचं.

“अक्का, चष्मा लावून बसा,” रविकुमार म्हणाला. “अक्षर मोठं करून बघतो.”

त्यानं माऊस फिरवला आणि घाईत सगळा मजकूर निवडला गेला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत काळा पट्टा पसरला, त्यात खालच्या ओळींची अक्षरं उमटली. दोन सेकंद असतील. रविकुमारनं झटकन क्लिक केलं. पट्टा गेला, पुन्हा पांढरं झालं.

“काय हुतं ते?” उद्धवराव ओरडलेच. “गीता, वाचलीस का? काय लिव्हलंय?”

रविकुमारनं गीताबाईंकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“काही न्हाई ओ. नुसत्या रेघा हुत्या.”

उद्धवराव मटकन खुर्चीत बसले.

“तुझ्या हातनं व्हायचं न्हाई हे,” मग ते रविकुमारला म्हणाले. “पुढच्या बाजारी मी सोलापूरहून माणूस आणतो.”

“आणा अप्पा.”

समोर बस लागली. खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायला उद्धवराव धावले. गीताबाई भाजीची पिशवी उचलायला मागं राहिल्या. पिशवी उचलून झाली तरी त्या निघेनात.

“रवी, सोलापूरचा माणूस आला तर आधी त्याला बाजूला घे. त्याला हे दुरुस्त करू देऊ नको. तूबी करू नको.”

“अक्का?”

“धनराज गेला त्या दिवशी डबा घेऊन मी आलते. शटर अर्धं वर, पोरगं नव्हतं, आणि पडद्यावर हे सगळं. शेवटपर्यंत वाचलं मी. मशीन बंद केलं अन् घरी जाऊन भाकरी केली.” त्यांचा आवाज जराही हलला नाही, आणि तेच रविकुमारला सोसवेना. “पुणं न्हाई, मुंबई न्हाई. लेकरू जिथं गेलंय तिथनं कुणी माघारी येत न्हाई. ह्यांचं काळीज आधीच कमजोर हाय. कुठंतरी कमवून खायलाय म्हणून हे जगायलेत. जगू दे.”

कंडक्टरनं बेल दिली. गीताबाई डोळे पुसून, तोंड हसरं करून, लगबगीनं बसकडं गेल्या. उद्धवरावांनी आतून हात देऊन त्यांना वर घेतलं.

बस दिसेनाशी होईपर्यंत रविकुमार दारात उभा राहिला. त्या विंडोतला बिघाड त्यानं पहिल्याच आठवड्यात पंधरा मिनिटांत काढला होता. त्या दिवशी बाजार नव्हता, उद्धवराव एकटेच आले होते. त्यानं त्यांना पत्र शेवटपर्यंत वाचून दाखवलं, आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरून, गीताबाईंना कधीच कळू नये म्हणून, सातव्या ओळीपासूनची सगळी अक्षरं पांढरी करायला लावली.