पडद्यापुढची आरती

घासलेटचा वास. इंजिनाची धडधड. सोललेला नारळ. औंढ्याच्या जत्रेतला बोलपटाचा तंबू. देवांच्या बोलपटात शेवटी दर्शन झालं की माणसं पडद्याला ओवाळत. यंदा पडद्यावर एका नामवंत कादंबरीकाराचं चरित्र होतं, तरी ताट सजलं. ते अनुसयाबाईच्या हातात दिलं. कादंबरीकार तिचाच नवरा, तरुणपणीच तिला टाकून गेलेला. बोलपटात मात्र पहिली बायको प्लेगने त्याच्या मांडीवर मेली होती. पावडर फासलेला नट ढसढसा रडला होता. त्या दुःखातून म्हणे कादंबरी जन्मली होती. “ओवाळा की माय, तुमचाच धनी हाय,” डोळे पुसत शेजारची पंचफुलाबाई म्हणाली. “काहून ओवाळू? मी आत्ताच मेले न्हाई का? तुमी रडलात बी.” अनुसयाबाई जळत्या वातीवर पचकन थुंकली. प्लेगच्या साली गाठ खरं तर त्याच्या काखेत आली होती. झोपडीत त्याच्याजवळ ती एकटीच होती.