दुसरी वाकळ

स्कॉटलंडला लेकाकडं सहा महिने राहून सगुणाबाई सेलूला परतल्या, तरी तिथल्या घराच्या हीटिंगचं अ‍ॅप त्यांच्या मोबाइलमध्ये राहिलंच. सकाळी चहाबरोबर ते उघडायच्या. तिकडं तेव्हा मध्यरात्र. त्यांची रिकामी खोली कायम दहा अंशांवर असायची. गेले आठ दिवस मात्र ती वीसवर दिसत होती. पाहुणा कुणीच नव्हता. सगुणाबाईंनी ओळखलं. त्यांच्या तरुणपणी नवराबायकोत अबोला झाला की सासू दुसरी वाकळ संदुकीत घालून कुलूप लावायची, म्हणजे दोघांना एकाच गोधडीत झोपावं लागायचं. ही गोष्ट ऐकून सून पोट धरून हसली होती. त्यांनी बोटानं वीसचा आकडा दहावर आणला. दुपारी लेकाचा फोन आला. “आई, तुझ्या खोलीतलं हीटिंग बिघडलंय. मिस्त्री बोलवायलोय.” “कशाला रे? तिथं कोण झोपायलंय?” मागून सून त्याला म्हणाली, “मिस्त्री बोलवू नको. आईंनी वाकळ कुलपात घातलीय.”