पुढचं प्रकरण

"मग? मारलीत की काय तिला?" शिंपीदादांनी मान वळवून विचारलं. हात वळवायची सोय नव्हती. तो यंत्राला जोडलेला होता.

शेजारच्या खुर्चीत, तशाच यंत्राला जोडलेल्या टायपिंगच्या बाई गालात हसल्या. "परवा कळेल."

"बाई, हे यंत्र आमचं रक्त पितंय ते कमी आहे का, म्हणून तुम्हीही?"

मूत्रपिंडं थकल्यापासून आठवड्यातून तीनदा रक्त धुवून घ्यायचं, एवढाच बाईंचा उद्योग उरला होता. मुलगा लांब, फोनवर 'काळजी घे' म्हणून तो काळजी घ्यायचा. दोन महिन्यांपूर्वी बाईंनी लागोपाठ दोन पाळ्या बुडवल्या. कंटाळा, दुसरं काय! वाट बघणारं होतं कोण, तर यंत्र.

मग सिस्टरचा फोन आला. "बाई, तुमचे शेजारी शिंपीदादा उपचार सोडतो म्हणतात. तुम्ही पूर्वी गोष्टी लिहायचात ना? त्यांना अडकवा कशात तरी. पण मी सांगितलं म्हणू नका हं."

पुढच्या पाळीला बाई सगळ्यांच्या आधी हजर.

तेव्हापासून सुजलेल्या बोटांनी त्या रोज लिहीत आणि पाळीला दादांना वाचून दाखवत. गोष्ट एका विधवा पोस्टमास्तरणीची; प्रत्येक प्रकरण ऐन मोक्यावर तोडलेलं. मधूनच दादा सिस्टरला म्हणत, "पुढच्या हिवाळ्यात तुम्हाला कोट शिवून देतो, माप देऊन ठेवा." बाईंना गलबलून येई. माणूस जायला निघालाय, पण चेहऱ्यावर दाखवेल तर शपथ!

आणि आता गोष्ट संपत आली होती. पोस्टमास्तरणीचं लग्न ठरलं होतं. ते लागलं की दादा कशाला येतील? कितीतरी वर्षांत त्यांना कुणी 'मग?' असं विचारलं नव्हतं.

पाळी संपली. वजन करून बाई पिशवी घ्यायला परतल्या, तर पडद्याआड कुजबुज चालली होती.

"सिस्टर, लग्न लागलं की बाई पुन्हा घरी बसतील हो," शिंपीदादा म्हणत होते. "मला जीव नकोसा झालाय अशी थाप त्यांना मारलीत, त्यांना परत आणलंत, झकास झालं. आता नवी थाप नको. गोष्टीच्या दुसऱ्या भागासाठी मी खरंच बाईंपुढे रडतो."